परिचारिकेच्या थकव्याचे मोजमाप

रुग्णालयाच्या वॉर्डात सर्वाधिक मोजमापे कोण करते, असे विचारले तर उत्तर एकच येईल : परिचारिका. ताप, नाडी, श्वासाची गती, रक्तदाब, सलाईनचे थेंब, चोवीस तासांत पोटात गेलेले पाणी आणि बाहेर पडलेली लघवी, या साऱ्यांची नोंद तीच करते. त्या नोंदींच्या आधारे डॉक्टर औषधे ठरवतात, बदलतात किंवा थांबवतात. मात्र नोंदी करणाऱ्या या व्यक्तीची स्वतःची अवस्था काय आहे, सलग तिसऱ्या रात्रपाळीनंतर रुग्णाशी दोन शब्द बोलण्याइतके त्राण तिच्यात उरले आहे काय, याची नोंद ठेवणारा तक्ता क्वचितच आढळतो.

असे मोजमाप करण्याची साधने उपलब्ध आहेत आणि ती चार दशकांहून अधिक काळ वापरात आहेत. ही साधने नेमके काय मोजतात, कोठे फसतात आणि त्यांतून निघालेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, हे समजून घेणे रुग्णालयांच्या चालकांइतकेच रुग्णांच्याही हिताचे आहे. कारण परिचारिकेच्या थकव्याची किंमत शेवटी खाटेवरच्या माणसालाही मोजावी लागते.

थकणे आणि करपणे

इंग्रजीत या अवस्थेला ‘बर्नआउट’ म्हणतात. आपल्याकडे तिला एकच सर्वमान्य प्रतिशब्द रूढ झालेला नाही. पण उबग येणे, मन विटणे, जीव मेटाकुटीला येणे असे वाक्प्रचार आपण रोज वापरतो आणि त्यांत या अवस्थेची एकेक छटा आहे. साध्या थकव्याहून ती वेगळी आहे. थकलेला माणूस दोन दिवस विश्रांती घेऊन ताजातवाना होतो. करपलेला माणूस सुट्टीवरून परतला तरी वॉर्डाच्या दारातच त्याचा पाय जड होतो. दूध तळाला लागले की वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही, साय तशीच असते. वास मात्र सगळ्या पातेल्याला लागतो. या अवस्थेचेही तसेच आहे. इंजेक्शने वेळेवर दिली जातात, नोंदी पूर्ण असतात, पण कामातला जीव गेलेला असतो.

हा शब्द शास्त्रीय लेखनात आणण्याचे श्रेय हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाकडे जाते. न्यू यॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात ते काम करीत. दिवसभर स्वतःचा व्यवसाय सांभाळून रात्री या दवाखान्यात राबणाऱ्या फ्रॉइडेनबर्गर यांना सहकाऱ्यांत, आणि स्वतःतही, एक विचित्र बदल जाणवला. अत्यंत उत्साहाने आलेली माणसे काही महिन्यांत चिडचिडी, संशयी आणि कोरडी होत होती. १९७४ साली त्यांनी यावर निबंध लिहिला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाच्या ख्रिस्तिना मॅस्लॅक या दुसऱ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचल्या. सतत इतरांच्या दुःखाला सामोरे जाणारे डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आपल्या भावना कशा आवरतात, याचा त्या अभ्यास करीत होत्या. मुलाखतींमधून त्यांना जे ऐकू आले ते मोजता येईल काय, या प्रश्नातून पहिली प्रमाण मानली गेलेली प्रश्नावली जन्मली.

बावीस प्रश्न, तीन बेरजा

मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली ‘मॅस्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरी’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात २२ विधाने आहेत. प्रत्येक विधानात वर्णन केलेला अनुभव आपल्याला किती वेळा येतो, हे उत्तर देणाऱ्याने सांगायचे. ‘कधीच नाही’ला ० गुण आणि ‘रोज’ला ६ गुण; मधल्या पायऱ्या वर्षातून, महिन्यातून, आठवड्यातून काही वेळा अशा.

या २२ विधानांचे तीन गट पडतात. पहिला गट भावनिक थकव्याचा. यात ९ विधाने असल्याने गुण ० ते ५४ होतात. काम संपताना आतून रिकामे झाल्यासारखे वाटणे, सकाळी उठताच पुढच्या पाळीच्या विचाराने गळून जाणे, या स्वरूपाचे अनुभव त्यात येतात. दुसरा गट ५ विधानांचा, म्हणजे ० ते ३० गुणांचा. समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न पाहता वस्तू म्हणून पाहण्याची, कोरडेपणाची वृत्ती तो मोजतो. ‘बारा नंबरच्या खाटेचे ड्रेसिंग झाले का?’ असे सगळेच विचारतात. ती वॉर्डाची भाषाच आहे. पण बारा नंबरच्या खाटेवर रडणाऱ्या बाईचे पुढे काय होईल, याचे आपल्याला काहीच वाटेनासे झाले आहे हे एखाद्या परिचारिकेच्या लक्षात येते, तेव्हा ती या गटातली खूण ठरते. तिसरा गट ८ विधानांचा, ० ते ४८ गुणांचा, आणि तो उलट दिशेने वाचायचा असतो. आपल्या हातून काही चांगले घडते आहे, ही भावना तो मोजतो. पहिल्या दोन गटांत गुण जास्त असणे काळजीचे, तर या गटात गुण कमी असणे काळजीचे.

या तीन बेरजा एकत्र करायच्या नसतात. हा नियम का महत्त्वाचा आहे, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका परिचारिकेचे गुण अनुक्रमे ३६, ५ आणि ४० आहेत. दुसरीचे २०, १७ आणि २२. पहिली अतोनात दमलेली आहे, पण रुग्णाविषयीची तिची माया शाबूत आहे आणि आपल्या कामाचा तिला अभिमानही आहे. तिच्या वॉर्डात माणसे वाढवली, तिच्या रात्रपाळ्या कमी केल्या तर ती सावरण्याची शक्यता मोठी. दुसरी तितकीशी दमलेली नाही. मात्र तिचे मन कामातून उठले आहे. कदाचित तिच्या शब्दाला वॉर्डात किंमत नसेल, कदाचित बढतीत अन्याय झाला असेल. तिला केवळ चार दिवस रजा देऊन भागणार नाही. मॅस्लॅक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी पुढे या अवस्थेची मुळे सहा ठिकाणी शोधली : कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला व कदर, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. कोणत्या मुळाशी कीड लागली आहे हे ठरवायचे तर तिन्ही आकडे स्वतंत्रच वाचावे लागतात.

या प्रश्नावलीला पर्यायही पुढे आले. ती विकत घ्यावी लागते, शिवाय कोरडेपणा हा थकव्याचा भाग नसून थकव्याशी झुंजण्याची एक रीत आहे, असा आक्षेप डेन्मार्कमधील संशोधकांनी घेतला आणि २००५ साली ‘कोपनहेगन’ प्रश्नावली मांडली. १९ प्रश्नांची ही प्रश्नावली विनामूल्य आहे. एकूण जगण्यातला थकवा, कामाचा थकवा आणि रुग्णांशी वागताना येणारा थकवा असे तीन भाग ती करते. ‘ओल्डेनबर्ग’ प्रश्नावलीत १६ विधाने आहेत. त्यांतली निम्मी अनुकूल आणि निम्मी प्रतिकूल शब्दांत मांडलेली असल्याने डोळे झाकून एकाच रकान्यात खुणा करीत जाणाऱ्याची चूक पकडली जाते. रक्ततपासणीने हे काम होईल का, असाही शोध घेतला गेला. परंतु कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांतून या अवस्थेची भरवशाची खूण हाती लागलेली नाही. त्यामुळे माणसाला विचारणे, हाच आजही मुख्य मार्ग आहे.

टक्केवारीचा फसवा सोपेपणा

‘अमुक टक्के परिचारिका बर्नआउटच्या बळी’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्या वाचताना सावध राहिले पाहिजे. मॅस्लॅक प्रश्नावलीत भावनिक थकव्याचे २७ किंवा अधिक गुण म्हणजे ‘तीव्र’, असा निकष वर्षानुवर्षे वापरला गेला. हा २७ चा आकडा ताप मोजताना येणाऱ्या १०० अंशांसारखा शरीराच्या अभ्यासातून आलेला नाही. सुरुवातीला ज्या लोकांची उत्तरे गोळा केली होती, त्यांचे गुणांनुसार तीन सारखे भाग पाडले आणि वरच्या भागाला ‘तीव्र’ म्हटले, इतकाच त्याचा आधार होता. प्रश्नावलीच्या कर्त्यांनीच २०१६ सालच्या पुस्तिकेतून हे निकष वगळले. तरीही ते अनेक ठिकाणी वापरले जातात.

दुसरी अडचण व्याख्येची. समजा, १०० परिचारिकांपैकी ४० जणींना थकव्याचे गुण जास्त आहेत, २५ जणींना कोरडेपणाचे, आणि ३० जणींत कर्तृत्वाची भावना कमी आहे. तिन्ही खुणा एकत्र असलेल्या १० जणी आहेत, तर किमान एक खूण असलेल्या ६० जणी आहेत. मग या रुग्णालयात बर्नआउटचे प्रमाण किती म्हणायचे? १०, ४० की ६० टक्के? व्याख्या बदलली की उत्तर बदलते, आणि तिन्ही उत्तरे एकाच कागदांच्या गठ्ठ्यातून निघतात. डॉक्टरांमधील बर्नआउटविषयीच्या १८२ अभ्यासांचा आढावा २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी घेतला, तेव्हा त्यांना एकूण बर्नआउटच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या आणि प्रमाण ० पासून ८०.५ टक्क्यांपर्यंत पसरलेले दिसले. परिचारिकांविषयीच्या आकड्यांनाही हीच सावधगिरी लागू आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची व्याख्या केली. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात या अवस्थेला आजार न म्हणता ‘व्यवसायाशी निगडित घटना’ म्हटले आहे आणि तिचे कारण ‘कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला दीर्घकालीन ताण’ असे दिले आहे. हा भेद केवळ शब्दांचा नाही. आजार म्हटले की उपचार व्यक्तीवर करायचे असतात. कामाच्या ठिकाणची घटना म्हटले की कामाच्या ठिकाणाला जाब विचारता येतो. अर्थात, याच अवस्थेच्या आडून नैराश्याचा खराखुरा आजारही येऊ शकतो. घरीही कशातच मन न लागणे, झोप आणि भूक उडणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे दिसली तर प्रश्नावलीत वेळ न दवडता मनोविकारतज्ज्ञांकडे गेले पाहिजे. त्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवाही आहे.

थकव्याचा आणि मृत्यूचा धागा

या मोजमापाचे खरे वजन जगाला कळले ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका अभ्यासामुळे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १६८ रुग्णालयांतील १०,१८४ परिचारिकांची उत्तरे आणि २,३२,३४२ शस्त्रक्रिया-रुग्णांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्या. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता : एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण अधिक आला की शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेत बर्नआउट आढळण्याची शक्यता २३ टक्क्यांनी अधिक होती.

टक्केवारी लहान वाटली तरी ती साठत जाते. चार रुग्णांऐवजी आठ रुग्ण झाले की मृत्यूची शक्यता ३१ टक्क्यांनी वाढते आणि भावनिक थकव्याची शक्यता सव्वादोन पटींहून अधिक होते. याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. ज्या परिचारिका करपलेल्या आणि नोकरीवर नाराज होत्या, त्यांच्यापैकी ४३ टक्के जणींचा वर्षभरात नोकरी सोडण्याचा विचार होता. ज्या तशा नव्हत्या, त्यांच्यात हे प्रमाण ११ टक्के होते. एक गेली की उरलेल्यांच्या वाट्याला अधिक रुग्ण येतात, त्यामुळे आणखी एक जाते. हे चक्र कोणत्याही वॉर्डात पाहायला मिळते.

असे अभ्यास एकाच वेळी घेतलेल्या छायाचित्रासारखे असतात; त्यांतून कारण आणि परिणाम पूर्णपणे सिद्ध होत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने त्याला बरेचसे उत्तर दिले. तेथे २०१६ साली काही सरकारी रुग्णालयांत दिवसाच्या पाळ्यांत चार रुग्णांमागे एक आणि रात्री सात रुग्णांमागे एक परिचारिका, असे किमान प्रमाण कायद्याने ठरवण्यात आले. प्रमाण लागू झालेल्या २७ रुग्णालयांची तुलना लागू न झालेल्या २८ रुग्णालयांशी करण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, मनुष्यबळ सुधारल्यावर मृत्यू आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटले, मुक्काम कमी झाला आणि वाचलेला खर्च जादा परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होता.

येथे आपल्या वाचकांनी एक साधा हिशेब ध्यानात ठेवावा. एखाद्या रुग्णालयात ‘तीन खाटांमागे एक परिचारिका’ असल्याचे सांगितले जाते, तेव्हा ते प्रमाण एकूण नेमणुकांचे आहे की प्रत्यक्ष पाळीचे, हे विचारले पाहिजे. तीन खाटांमागे एक ही नेमणूक तीन पाळ्यांत वाटली की प्रत्येक पाळीत नऊ खाटांमागे एक परिचारिका उरते. साप्ताहिक सुट्ट्या, आजारपण, बाळंतपणाच्या रजा आणि रिक्त पदे वजा केली की ही संख्या आणखी घसरते. शिवाय खाटा भरल्या की जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवरचे रुग्ण कोणत्याच प्रमाणात धरलेले नसतात.

मराठीत विचारताना

परदेशी प्रश्नावलीचे शब्दशः भाषांतर करून ती वॉर्डात वाटली की काम झाले, असे होत नाही. शास्त्राची रीत अशी की, एकाने मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि दोन्ही ताडून पाहायचे. तेवढ्यानेही भागत नाही. आपल्याकडे परिचारिकेच्या कामाला ‘सेवा’ म्हणतात. या शब्दाचा मान मोठा, पण त्याचे ओझेही मोठे. ‘रुग्णांविषयी मला काही वाटेनासे झाले आहे’ या विधानापुढे खूण करणे म्हणजे आपण सेवाव्रत मोडल्याची कबुली देणे, असे अनेकींना वाटू शकते. मग कोरडेपणाचे गुण कमी येतात आणि चालक निर्धास्त होतात. शिवाय इथल्या वॉर्डात परिचारिकेचा सामना केवळ रुग्णाशी नसतो. खाटेभोवती उभे असलेले नातेवाईक, संपलेल्या औषधांबद्दलचा त्यांचा राग, प्रसंगी अंगावर धावून येणे, हा ताण तिच्याच वाट्याला येतो. तो विचारणारे प्रश्न परदेशी प्रश्नावलीत पुरेसे नसतील, तर ते वेगळे जोडावे लागतील.

कागद कोण गोळा करते, यावरही उत्तर अवलंबून असते. भरलेला अर्ज अधिसेविकेच्या टेबलावर जाणार असेल, तर कंत्राटावर काम करणारी तरुण परिचारिका त्यात खरे लिहिणार नाही. नाव नसले तरी वॉर्ड, वय आणि नोकरीची वर्षे लिहून घेतली की पाच जणींच्या वॉर्डात कोणाचे उत्तर कोणते, हे ओळखता येते. म्हणून लहान गटांचे आकडे वेगळे जाहीर करू नयेत, आणि कागद शक्यतो बाहेरच्या व्यक्तीकडे बंद पेटीत जावेत.

आणखी एक उणीव कोणत्याही प्रश्नावलीला भरून काढता येत नाही. उत्तरे देतात त्या टिकून राहिलेल्या परिचारिका. ज्या सर्वाधिक करपल्या, त्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला असतो. त्या घरी बसल्या, दुसऱ्या शहरात गेल्या किंवा परदेशी गेल्या. त्यांचा आवाज सरासरीत नसतो. यासाठी प्रश्नावलीच्या जोडीला सोडून गेलेल्यांची संख्या, अचानक घेतलेल्या रजा, ठरलेल्या वेळेनंतर थांबावे लागलेले तास आणि वेळेअभावी राहून गेलेली कामे यांचाही हिशेब ठेवावा लागतो. कूस न बदललेला रुग्ण, न दिलेला धीर, घरी जाताना न समजावलेली पथ्ये, ही राहून गेलेली शुश्रूषा थकव्याची बोलकी साक्ष असते.

आकड्याचे पुढे काय?

मोजमापाचा सर्वांत मोठा धोका ते चुकीचे असण्यात नाही. ते चुकीच्या कामी लागण्यात आहे. थकव्याचे गुण जास्त आलेल्या परिचारिकेला ‘ताण सहन न होणारी’ ठरवून तिची बदली केली, तर पुढच्या वेळी सगळ्यांचेच गुण कमी येतील आणि वॉर्ड आहे तसाच राहील. योग, ध्यान, समुपदेशन यांची शिबिरे उपयुक्त आहेत. परंतु रात्रपाळीनंतर झोप मोडून त्यांना हजर राहण्याची सक्ती झाली, तर तेही एक जादा काम ठरते. ज्या वॉर्डात बहुतेक सगळ्याच जणी दमलेल्या आहेत, तेथे दोष सगळ्या जणींच्या स्वभावात कसा असेल?

म्हणून हे मोजमाप व्यक्तीचे निदान करण्यासाठी न वापरता वॉर्डाची तपासणी करण्यासाठी वापरावे. ते एकदाच न करता ठराविक मुदतीने करावे, म्हणजे पाळ्यांची रचना बदलल्यावर किंवा रिक्त जागा भरल्यावर फरक पडला का, हे दिसेल. निष्कर्ष परिचारिकांपुढे मांडावेत आणि त्यावर काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत करणार, हेही सांगावे. जे करता येणार नाही तेही स्पष्ट सांगावे. काहीच करायचे नसेल, तर विचारूही नये; कारण विचारून गप्प बसणे ही स्वतःच एक नवी निराशा असते.

परिचारिकेला प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षातच एक गोष्ट शिकवली जाते. ताप १०३ आला, तर तो केवळ तक्त्यावर लिहून थांबायचे नसते. डॉक्टरांना कळवायचे, उपचार सुरू झाल्याची खात्री करायची आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे. तिच्या स्वतःच्या थकव्याची नोंद घेणाऱ्यांनीही हाच नियम पाळला, तर २२ प्रश्नांच्या त्या कागदाला काही अर्थ उरेल.